डोकं नसलेला पुतळा, त्याचा फोटो, आणि त्यातून केलेलं चित्र कोणाचं?

निळीशाई (कळवा)

नमस्कार मंडळी. प्रश्नाआधी थोडी पार्श्वभूमी सांगते.

डिसेंबरपासून मी चार वेळा भायखळ्याला जाऊन आले. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात इंग्रजांच्या काळातले संगमरवरी पुतळे ठेवलेत, १९६५ च्या सुमारास शहरातल्या रस्त्यांवरून आणि चौकांतून हलवलेले. बहुतेक लोक राणीच्या बागेत प्राणी बघायला जातात, इकडे फारसं कोणी वळत नाही. कुणाचा हात तुटलाय, कुणाचं डोकंच नाही. त्यातल्या एका बिनडोक्याच्या पुतळ्याने मला अडकवून ठेवलंय. अंगावर जाड झगा, खांद्यावरून पायापर्यंत उतरलेल्या चुण्या, आणि मानेच्या जागी नुसता खडबडीत दगड. त्या चुण्या बघताना दगड आहे हे विसरायला होतं.

त्याचे फोटो काढले, संगणकावर त्यातलं काळं-पांढरं उलटं केलं, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून पारदर्शक फिल्मवर निगेटिव्ह छापून घेतली आणि गच्चीवर सायनोटाइप केले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही निळ्या छापाची जुनी पद्धत, जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली. कागदाला दोन रसायनांचं मिश्रण लावायचं, अंधारात वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून ऊन दाखवायचं आणि पाण्यात धुवायचं.

संक्रांतीला आत्या आली होती. भिंतीवरचा छाप बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पुतळा त्या गोऱ्याने घडवला, फोटो मोबाइलने काढला, छापलं उन्हाने. यात तू काय केलंस गं?" टोमणा नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. तुम्ही काय सांगितलं असतं?

आणि एक तांत्रिक अडचण. माझ्या निम्म्या फोटोंत संगमरवर खडूसारखा सपाट पांढरा येतो. का?

घोडबंदरचा_वारा

आधी छाप दाखवा, मग वाद घालू :)

निळीशाई

@घोडबंदरचा_वारा, चार टाकलेत वर.

घोडबंदरचा_वारा

बघितले. वाद घालायचा विचार रद्द. तिसरा फार सुंदर आहे.

रेषाकाका (नौपाडा)

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. तुमच्या तांत्रिक अडचणीपासून सुरुवात करतो, कारण मोठ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच दिसतं.

पांढऱ्या वस्तूला रंग नसतो, तिला फक्त छाया असते. म्हणून तर जेजे स्कूलमध्ये आणि जगभरच्या कलाशाळांत मुलांना ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींसमोर कोळसा देऊन बसवत असत. तुम्ही समोरून प्रकाश घेतलात की छाया गेली, आणि छाया गेली की आकार गेला. फ्लॅश तर अजिबात मारू नका. प्रकाश कडेने, पृष्ठभागाला घासून जाणारा हवा. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. आणि एक काळी छत्री न्या. पुतळ्याच्या सावलीकडच्या बाजूला, फोटोत येणार नाही अशी धरायची. आजूबाजूच्या फरशीवरून उसळून येणारा उजेड ती खाते आणि चुण्यांची खोली परत दिसायला लागते.

मोबाइल_छायाचित्रे (वाशी)

काकांशी सहमत, पण उजेडाच्या मोजणीचाही भाग आहे. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौकटभर संगमरवर असेल तर तो त्याला करडा करून टाकतो, म्हणून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाढवायचा असतो.

फोकसबाबा

@मोबाइल_छायाचित्रे, इथे उलट झालंय. तिच्या फोटोंत पुतळ्यामागे गर्द झाडं आहेत. कॅमेऱ्याने त्या काळोख्या झाडांकडे बघून उजेड वाढवला आणि पांढरा दगड जळून गेला, म्हणजे नुसता कोरा पांढरा झाला. अशा वेळी कमी करायचा. मोबाइलवर सगळ्यात उजळ चुणीवर बोट ठेवायचं आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं, तिथला दगडाचा कण दिसायला लागेपर्यंत. काळं पडलेलं नंतर बरंचसं उजळवता येतं. जळलेला पांढरा परत येत नाही.

मोबाइल_छायाचित्रे

बरोबर आहे तुमचं, मी मागची झाडं लक्षात घेतली नव्हती.

दगडवाला_ठाणे

आमचा तीन पिढ्यांचा दगडाचा धंदा. ओटे, पायऱ्या, देव्हारे. त्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

एक, संगमरवर चमकतो तो वरून नव्हे, आतून. उजेड त्याच्या पृष्ठभागात थोडा आत शिरतो, स्फटिकांत फिरतो आणि बाहेर येतो. पातळ तुकडा दिव्यासमोर धरा, कडा दुधासारखी उजळते. म्हणून त्याच्या सावलीची कड मऊ असते, त्वचेसारखी. सिमेंटच्या किंवा प्लास्टरच्या पुतळ्याला ते येत नाही. फोटोत हा मऊपणा पकडायचा तर सावली पूर्ण काळी होऊ देऊ नका.

दोन, तुमच्या पुतळ्याच्या चुण्यांच्या आत जे काळं दिसतंय ती नुसती धूळ नाही. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हवेतला गंधकाचा धूर आणि ओल मिळून त्याच्या वरच्या थराचा जिप्सम होतो आणि त्यात काजळी अडकते. जिथे पावसाचं पाणी थेट लागतं तिथून हा थर धुवून जातो, पण त्याबरोबर दगडही झिजत जातो. आडोशाला तो साचून काळा होतो. म्हणजे उंचवटे पांढरे, खळगे काळे. ज्याने पुतळा घडवला त्याने ही काळी रेघ ओढलेली नाही.

रेषाकाका

@दगडवाला_ठाणे, वा! म्हणजे सावलीचं अर्धं काम मुंबईच्या हवेने करून ठेवलंय. मी एवढी वर्षं ते पुतळे बघतोय, हे सुचलं नव्हतं.

दगडवाला_ठाणे

आणि कृपा करून कोणी "फोटोपुरतं" म्हणून पुसायला जाऊ नका. लिंबू, व्हिनेगर, टाइल्सचं अॅसिड यांनी संगमरवर खाल्ला जातो. ओट्यावर लिंबू कापून ठेवलेलं ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो डाग बघून घ्या.

पिक्सेलपोर (ऐरोली)

ताई, काम भारी आहे. एक सुचवू का? मी अॅनिमेशन शिकतोय. एआयला फोटो दिला तर तो डोकं बसवून देईल, त्याच प्रकाशात, त्याच दगडाचं. कोणाला कळणार पण नाही. मग पूर्ण पुतळ्याचा छाप काढता येईल. करून देऊ?

निळीशाई

@पिक्सेलपोर, एवढा विचार केलास त्याबद्दल मनापासून आभार. पण कोणाचं डोकं?

पिक्सेलपोर

त्या काळातल्या बाकी पुतळ्यांवरून अंदाज बांधेल ना.

रेषाकाका

बाळा, अंदाजाची एक खरी गोष्ट सांगतो. रोममध्ये १५०६ साली लाओकोऊनचा पुतळा जमिनीतून निघाला. सापांनी वेढलेला बाप आणि दोन मुलगे. बापाचा उजवा हात नव्हता. त्या काळच्या जाणत्या लोकांनी ठरवलं की हात वर ताणलेला असणार, आणि तसा जोडला. शतकानुशतकं लोकांनी, चित्रकारांनी, विद्यार्थ्यांनी तोच ताठ हात गिरवला. मग १९०६ मध्ये लुडविग पोलाक या पुरातत्त्वज्ञाला रोममध्येच एका दगडकामाच्या आवारात तुटलेला हात सापडला. तो कोपरात वाकून डोक्यामागे गेलेला होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो मूळ हात बसवला गेला. ताठ हाताने पुतळा वीराचा वाटायचा, वाकलेल्या हाताने तो वेदनेचा झाला.

दुसरं उदाहरण कानोव्हाचं. त्याच्या काळात युरोपात त्याच्याइतका नावाजलेला शिल्पकार नव्हता. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची तुटकी शिल्पं दुरुस्त करून द्याल का असं त्याला विचारलं गेलं. त्याने नकार दिला, त्यांना छिन्नी लावणं त्याला पाप वाटलं. ज्याला सगळ्यात चांगलं जमलं असतं, त्यानेच हात लावला नाही.

पिक्सेलपोर

हे माहीत नव्हतं सर. पण मी दगडाला हात लावत नाहीये ना, फोटोलाच लावतोय. पुतळा तिथे जसाच्या तसा राहील. मग पाप कसं?

रेषाकाका

मुद्दा बिनतोड आहे. विचार करून लिहितो.

पारसिकची_लेक

मला पिक्सेलपोरचं पटतं. त्याने डोकं बसवलं आणि खाली तसं लिहिलं तर काय बिघडलं? माझी अडचण वेगळी आहे. एआयने काढलेलं डोकं कुठलंही असेल, सरासरीचं. त्यापेक्षा तिने स्वतः कोळशाने काढावं, चुकलं तरी. किंवा तिथे तामणाचं फूल ठेवावं. निदान निवड तिची असेल.

कलमबहाद्दर (बेलापूर)

वकील आहे, म्हणून हक्कांचं सांगतो. आत्याबाईंच्या प्रश्नाला कायद्याचंही उत्तर आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. राणीच्या काळातल्या शिल्पकारांचा तो कधीच संपला. शिवाय कलम ५२ मध्ये स्पष्ट सूट आहे: सार्वजनिक जागी किंवा लोकांना जाता येतं अशा ठिकाणी कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पाचं चित्र, रेखाटन, फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हे उल्लंघन ठरत नाही.

गफलत इथे होते: पुतळा जुना असला तरी त्याचा फोटो नवा असतो. इंटरनेटवरून कोणाचा तरी फोटो उचलून त्यावर कलाकृती केलीत तर त्या छायाचित्रकाराचा हक्क आड येतो. स्वतः जाऊन काढा, नाहीतर ज्या संग्रहालयांनी फोटो खुले केलेत तिथून घ्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये हक्क संपलेल्या वस्तूंचे पावणेचार लाख फोटो कोणालाही कशासाठीही वापरायला मोकळे केले, त्यात ग्रीक-रोमन संगमरवरही आहे. इटलीत मात्र जपून. तिथल्या राष्ट्रीय वारशाच्या प्रतिमा व्यापारी कामासाठी वापरायला परवानगी आणि शुल्क लागतं, आणि मायकेलअँजेलोच्या डेव्हिडवरून तिथल्या न्यायालयांनी निकालही दिलेत.

म्हणजे ताई, कायद्याच्या नजरेत फोटो तुमचा आणि छापही तुमचा.

निळीशाई

@कलमबहाद्दर, खूप आभार, हे जपून ठेवते. पण आत्याला कलम ५२ सांगितलं तर ती म्हणेल, मी मालकी कुठे विचारली?

कलमबहाद्दर

आत्याबाई योग्य प्रश्न विचारतात. माझ्याकडे त्याचं कलम नाही :)

लॅबवाली (रबाळे)

अवांतर, पण महत्त्वाचं. सायनोटाइपच्या दोन रसायनांतलं एक, पोटॅशियम फेरिसायनाइड, त्याच्या नावाला भ्यायचं कारण नाही, पण तीव्र अॅसिडशी त्याची गाठ घालू नका, विषारी वायू निघतो. स्वयंपाकघरातली भांडी आणि चमचे वापरू नका, हातमोजे घाला. नेहमीचं प्रमाण: एका बाटलीत १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत १०० मिलीत १० ग्रॅम फेरिसायनाइड, लावायच्या वेळी समसमान. पावसाळ्यात आपल्याकडे कागद वाळतच नाही, म्हणून मे अखेरपर्यंत काम उरका. धुतल्यावर साबण किंवा सोडा लागू देऊ नका, निळा उडतो.

निळा फार गडद वाटला तर आधी धुण्याच्या सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात क्षणभर, मग कोऱ्या चहात बुडवा. काळपट तपकिरी होतो. जुन्या दगडाला शोभतो.

आणि रसायनाचा विषय निघालाच आहे तर: १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. तो डाग कोणाला काढता येईना, तेव्हा त्रिभुवनदास गज्जर या आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी काढला. मॅथ्यू नोबलने घडवलेला, खंडेराव गायकवाडांनी दिलेला तो पुतळाही आता त्याच आवारात आहे. डाग गेला, गोष्ट राहिली. मी तिच्यासमोर उभी राहिले की चेहऱ्यावर तो डाग शोधते.

नेरुळचा_नाना

आमच्याकडे वंडर्स पार्कात सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, तिथे सराव केला तर चालेल का? आणि फ्लोरा फाउंटनही संगमरवरी आहे ना?

दगडवाला_ठाणे

@नेरुळचा_नाना, सरावाला कुठलाही आकार चालतो. फ्लोरा फाउंटन संगमरवरी नाही, पोर्टलंड स्टोन आहे, इंग्लंडचा चुनखडक. संगमरवरासारखा उजेड आत घेणार नाही.

हार्बरवाली

नवी मुंबईकरांनो, शिवडीचं ख्रिश्चन कब्रस्तान आपल्या हार्बर लाइनवरच आहे. तिथे संगमरवरी देवदूत आहेत. मात्र आत विचारून जा, नव्या कबरींचे आणि आलेल्या नातेवाइकांचे फोटो नकोत. लोक तिथे आपलं माणूस भेटायला येतात.

पारसिकची_लेक

हेच देरासरातल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, मूर्तींबद्दल. संगमरवर सुंदर असला तरी तिथे रोज पूजा होते. कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

रेषाकाका

पिक्सेलपोरच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. आणि आत्याबाईंच्याही.

आत्याबाईंचं पहिलंच वाक्य तपासू. "पुतळा त्या गोऱ्याने घडवला." त्या काळातला शिल्पकार बहुतेक वेळा संगमरवराला शेवटी शेवटीच हात लावायचा. तो मातीत घडवायचा. मातीवरून साचा, साच्यातून प्लास्टर, आणि प्लास्टरवर खुणांचे बिंदू मारून पॉइंटिंग मशीनच्या (मापं जशीच्या तशी दगडावर नेणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने त्याच्या कारखान्यातले कारागीर तो दगडात उतरवायचे. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणतो तोच तिसरा उतारा. ग्रीकांची कितीतरी गाजलेली शिल्पं आपल्याला रोमन काळच्या संगमरवरी नकलांमुळेच माहीत आहेत, मूळ ब्राँझ वितळून गेलं. आपल्या गणपतराव म्हात्र्यांची मंदिरपथगामिनी ही मूर्ती प्लास्टरमध्येच आहे, म्हणून कोणी तिला कमी लेखलं नाही. मातीतून प्लास्टर, प्लास्टरमधून दगड, दगडातून फोटो, फोटोतून निळा कागद. प्रत्येक उताऱ्याला कोणाचा तरी हात लागलाय.

फोटोकलेच्या जन्मकाळी टॅल्बट या इंग्रज संशोधकाने पॅट्रोक्लस या ग्रीक वीराच्या मस्तकाच्या प्लास्टर प्रतिकृतीचे फोटो काढले आणि १८४४ पासून भागाभागांनी निघालेल्या आपल्या पुस्तकात छापले. तो लिहितो की पुतळे पांढरे असल्यामुळे फोटोत लवकर उमटतात. पुतळा थोडा फिरवला, उजेड बदलला, की एकाच पुतळ्यातून कितीतरी वेगळी चित्रं निघतात. एका बाजूला पांढरं कापड धरून उजेड परत पुतळ्यावर कसा टाकायचा, हेही त्याने सांगितलंय. माझी काळी छत्री त्या पांढऱ्या कापडाची धाकटी बहीण.

पिक्सेलपोर, तू दगडाला इजा करत नाहीस हे मान्य. पाप हा शब्द मागे घेतो. पण तुटलेली मान ही त्या पुतळ्याची आजची खरी गोष्ट आहे. ती झाकलीस तर जो उरेल तो युरोपातल्या कुठल्याही बागेतला पुतळा. भायखळ्याचा उरणार नाही.

पिक्सेलपोर

हे पटलं सर. मी तरी एकदा डोकं बसवून बघणार आहे, स्वतःच्या शिकण्यासाठी, पण शेजारी मूळ फोटो ठेवून. दोन्ही एकत्र दाखवेन.

रेषाकाका

जरूर दाखव. वाट बघतो.

निळीशाई

उशिरा लिहितेय, क्षमस्व. काकांचा प्रतिसाद वाचून माझे चारही छाप पुन्हा काढून बघितले आणि एक गोष्ट लक्षात आली. चारही वेळा मी चौकट खांद्यापाशी कापली होती. मान कुठेच नाही. डोकं बसवायला नको म्हणत होते, आणि तुटलेली जागा मीही झाकतच होते.

परवा पाचव्यांदा गेले. साडेचारला ऊन डावीकडून आलं. काळी छत्री नेली होती, तिथल्या माळीदादांनी ती आपणहून धरली. अडचण आभाळाची होती. मानेमागे आभाळ आलं की निगेटिव्हमध्ये ते काळं होतं, म्हणजे छापात पांढरं, आणि पांढरा दगड पांढऱ्या आभाळात विरून जातो. मग गुडघ्यावर बसायचं सोडून बाकावर उभी राहिले, तेव्हा मानेमागे झाड आलं. झाड काळोखं, म्हणून छापात गर्द निळं. त्या निळ्यावर तो खडबडीत कडा असा उठून आला की धुताना हात थांबला.

आणि आत्याचं उत्तरही त्या परातीतच सापडलं. सायनोटाइपमध्ये पांढरा रंग नसतोच. निगेटिव्हच्या काळ्या भागाखाली ऊन पोचत नाही, तिथलं रसायन पाण्याबरोबर निघून जातं आणि कोरा कागद उरतो. म्हणजे माझा संगमरवर हा कोरा कागद आहे. मी त्याला हातच लावलेला नाही, फक्त भोवती निळा कुठे येऊ द्यायचा आणि कुठे नाही हे ठरवलं. कारागिरानेही दगडात चुणी घातली नव्हती, नको तो दगड काढला होता. आत्याला काल हेच सांगितलं, याच शब्दांत.

ती ऐकून घेत नवा छाप बघत होती. मग म्हणाली, "याचं डोकं कुठे गेलं गं?" पहिल्या चार छापांत हा प्रश्न तिला पडला नव्हता. आता तिला तो पुतळा बघायचाय. येत्या रविवारी घेऊन जातेय.

घोडबंदरचा_वारा

पाचवा टाका!! आणि रविवारी कितीला?

निळीशाई

टाकलाय वर. ठाण्याहून दुपारी अडीचच्या सुमारास निघू, जलद गाडी भायखळ्याला थांबते. हार्बरवाल्यांनी कुर्ल्याला बदला. बुधवारी संग्रहालय बंद असतं, रविवारी नाही. फोटोबद्दल आत विचारून घेऊ.

लॅबवाली

मी येते. चार कागद लावून काळ्या पाकिटात आणते, बागेतच ऊन देऊन बघू.

दगडवाला_ठाणे

मीही. राजस्थानातल्या मकराण्याच्या संगमरवराचा पातळ तुकडा आणतो, आत्याबाईंना उन्हासमोर धरून दाखवायला.

रेषाकाका

छत्र्या दोन आणतो.